सिंगापूरची जपानी पंगत आणि आबांची नोट



आमच्या निपाणीच्या घरात ट्रंकेच्या तळाशी एक नोट आहे. वर इंग्रजीत 'जपानी सरकार' असं छापलंय आणि किंमत मात्र रुपयांत. उभी हयात बँकेत गेली, हातांखालून लाखो नोटा गेल्या, पण अशी नोट दुसरी पाहिली नाही. सही नाही, अनुक्रमांक नाही, नुसती दोन अक्षरं. त्यातलं पहिलं 'बी', म्हणजे बर्मा. १९४२ साली ब्रह्मदेश घेतल्यावर जपान्यांनी तिथे चालवलेला हा रुपया. तो घरी आणला माझ्या थोरल्या चुलत्यांनी. आम्ही त्यांना आबा म्हणायचो.

आबा १९४१ मध्ये बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीत भरती झाले. रेजिमेंटचं केंद्र १९२२ पासून बेळगावातच, त्यामुळे आपल्या भागात घरटी कोणी ना कोणी पलटणीत असायचंच. देशभक्ती वगैरे काही नाही. तंबाखूच्या रानात दोघा भावांचं भागत नव्हतं, एवढंच कारण. मार्च १९४४ मध्ये त्यांची चौथी बटालियन मणिपुरात सांगशाकला होती. पॅराशूट ब्रिगेडसोबत या लोकांनी तो डोंगर पाचेक दिवस धरून ठेवला. वर पाण्याचा ठिकाणा नाही, विमानातून टाकलेलं सामान बरंचसं शत्रूच्याच हाती जायचं. जपान्यांचा कोहिमाकडे जाण्याचा वेळ तिथे मोडला, असं लष्करी इतिहास सांगतो.

घरात मात्र हा इतिहास कोणी काढत नसे. सोप्यात नेताजींचा मोठा फोटो होता, वडिलांनी हौसेनं लावलेला. त्याच इंफाळच्या मोहिमेत आझाद हिंद सेना जपान्यांच्या बाजूनं होती. मी नववीत असताना शाळेत स्वातंत्र्यसैनिकांचा सत्कार झाला. घरी येऊन मी सगळ्यांसमोर विचारलं, "आबा, तुम्ही इंग्रजांकडनं लढला न्हवं? मग नेताजींच्या विरुद्धच की!" आबा काही बोलले नाहीत. उठले आणि गोठ्यात गेले. ते वाक्य आजही मला टोचतं.

आता सिंगापूरची गोष्ट सांगतो. २०१९ मध्ये मुलाकडे गेलो होतो. एक दिवस त्यानं शहर दाखवलं. म्युझियममध्ये जपानी अमलातल्या नोटा होत्या. दहा डॉलरच्या नोटेवर केळीचं झाड, म्हणून तिथले लोक त्याला 'केळीचा पैसा' म्हणतात. १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडलं, जपान्यांनी शहराचं नावही 'स्योनान' केलं. मागे सोनं नाही, माल नाही, मनाला येईल तेवढ्या नोटा छापल्या. १९४५ मध्ये जपान हरला आणि त्या रद्दी झाल्या. लोकांची शिल्लक एका दिवसात शून्य! बँकेतल्या माणसाच्या पोटात गोळाच आला.

पुढे एस्प्लनेड पार्कमध्ये आझाद हिंद सेनेच्या स्मारकाची जागा पाहिली. नेताजींनी ८ जुलै १९४५ ला पायाभरणी केली, इंग्रज परत आल्यावर त्यांनी ते स्मारक उडवून दिलं. १९९५ मध्ये तिथे खूण उभारली. मी हात जोडले. जवळच चार उंच पांढरे खांब आहेत, जपान्यांनी मारलेल्या नागरिकांचं स्मारक. लोक त्याला गमतीनं 'चॉपस्टिक्स' म्हणतात. एकाच जागी एकाचं वंदन आणि दुसऱ्याचं सुतक.

आणि त्याच संध्याकाळी मुलानं जपानी हॉटेलात नेलं! आमच्या लग्नाच्या वाढदिवसाची पार्टी. लाकडी कट्ट्यासमोर आठ-दहा खुर्च्या, पलीकडे आचारी. मेन्यूकार्ड नाही. या पद्धतीला 'ओमाकासे' म्हणतात, म्हणजे 'तुमच्यावर सोपवलं'. आचारी एकेक घास बनवून समोर ठेवतो. आंबूस भाताचा मुटका, वर कच्च्या माशाची चकती. मुलगा सांगत होता, पूर्वी मासा टिकवायला भातात मुरवत, ही युक्ती मुळात आग्नेय आशियातली. आजची सुशी एकोणिसाव्या शतकात एदोत, म्हणजे जुन्या टोकियोत, गाड्यावर विकली जायची. कामावरच्या माणसांचं झटपट खाणं. आज तेच एका ताटाला माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षाच्या पगाराहून जास्त!

वेदगंगेचा मासा आम्ही रस्सा करून खाणारे. सौ.नं कच्चा मासा बघून तोंड फिरवलं. माझाही हात थांबला, पण माशामुळे नव्हे. भाताकडे बघून आबा आठवले.

मरायच्या आदल्या वर्षी, १९८५ मध्ये, त्यांनी मला ती नोट दिली तेव्हा एकदाच बोलले होते. जपानी सैन्य जेमतेम तीन आठवड्यांची शिधासामग्री घेऊन निघालं होतं. इंफाळची कोठारं हाती येतील हा हिशेब. कोठारं मिळाली नाहीत, पावसाळा लागला, आणि लढाईपेक्षा उपासमारीनं अन् रोगानं जास्त मेले. माघारीच्या वाटेवर पडलेल्या एका पोराच्या पिशवीत आबांना ही नोट सापडली. "पिशवीत तांदळाचा एक दाणा न्हवता रं. नोट तेवढी हुती. वीस वर्साचं बी नसंल पोरगं. त्यास्नी बी भूक लागलीती. आपल्याला इमानातनं खायला पडत हुतं, म्हणून आपण जगलो."

इंग्रज, नेताजी, देश, यातलं काही ते बोलले नाहीत. मला वाटतं, माझ्या नववीतल्या प्रश्नाचं उत्तर तेच होतं. पण तेव्हाही मला माफी मागायचं सुचलं नाही.

मी तो घास खाल्ला. पुढचेही सगळे खाल्ले, शीतही ठेवलं नाही. आचाऱ्यानं वाकून नमस्कार केला, मीही केला. मुलानं विचारलं, "बाबा, आवडलं?" म्हटलं, "तुझ्या आजोबांची एक गोष्ट सांगायची राहिली आहे." परतताना टॅक्सीत सांगितली. त्याला आबा पलटणीत होते एवढंच ठाऊक होतं.

निपाणीला आल्यावर आबांचा गणवेशातला फोटो मोठा करून घेतला आणि सोप्यात नेताजींच्या शेजारी लावला. दोन्ही फोटोंना एकच हार आणतो.

मंडळी, आपल्यापैकी कितीतरी घरांत अशा ट्रंका असतील. पेन्शनचं पुस्तक, पदक, एखादं पत्र. उघडून बघा आणि घरातल्या पोरांना सांगा. आपण विचारलं नाही, तर ही माणसं गोठ्यातच बसून राहतील.