क्रिओसोट : मांस राखणारे

मोराव्हियात १८३२ च्या सुमारास जर्मन रसायनज्ञ कार्ल फॉन रायखेनबाखने बीच वृक्षाच्या लाकडी डांबरातून एक उग्र वासाचे तेल वेगळे काढले. त्यात बुडवलेले मांस सडेना. मग ‘मांस’ या अर्थाचा ग्रीक शब्द ‘क्रेआस’ आणि ‘राखणे’ या अर्थाचा धातू जोडून त्याने नाव घडवले : क्रिओसोट. धुरी दिलेले मांस का टिकते, याचा उलगडा लाकडाच्या धुरातल्या याच तेलात आहे. किडक्या दातात त्याचा बोळा ठेवत, क्षयाच्या खोकल्यावर ते पाजत. क्षय काही त्याने हटला नाही. पण त्यातल्या ग्वायाकोलपासून बनणारे ग्वायफेनेसिन आजही खोकल्याच्या औषधात असते. रेल्वेच्या लाकडी स्लीपरांना लावत ते क्रिओसोट मात्र दगडी कोळशाचे, विषारी; ते औषध नव्हे.