करुंडचं नाव

गंगाखेडला गोदावरीच्या काठी जनाबाईचं मंदिर आहे. परभणी जिल्ह्यातल्या बायका तिला घरच्या माणसासारखं 'जनी' किंवा 'जनाई' म्हणतात. तेराव्या शतकात ती याच गावात जन्मली. परंपरेनं तिच्या बापाचं नाव दामा आणि मायचं नाव करुंड असं सांगितलं आहे. पोर लहान असतानाच पंढरपूरला संत नामदेवांच्या वडिलांच्या, दामाशेटी शिंप्याच्या घरी कामाला राहिली आणि नामदेवांच्या घरचीच होऊन गेली. पुढचं सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. करुंडचं मात्र फक्त नाव उरलं. ती कुणाच्या रानात खपली, लेक दूर गेल्यावर तिनं दिवस कसे काढले, यातलं काही कुणी सांगून ठेवलं नाही. तरीही या जिल्ह्यातल्या एका साध्या घरातल्या बाईचं नाव सातशे वर्षं टिकलं, ही किती दुर्मिळ गोष्ट आहे ते आपल्याच घराची वंशावळ काढून बघितली की कळतं. बाप, आजा, पणजा, खापरपणजा असे एकावर एक चढत जातात. माय त्यात कुठंच नसते.

जनाबाईनं तशी चूक केली नाही. तिच्या नावावर असलेल्या एका अभंगात नामदेवांच्या घरातलं माणूस न् माणूस येतं: आई गोणाई, बायको राजाई, बहीण आऊबाई, लेक लिंबाई, नारा, विठा, गोंदा, महादा हे चार मुलगे आणि लाडाई, गोडाई, येसाई, साखराई या त्यांच्या बायका. सुनांची नावंसुद्धा सुटलेली नाहीत. घरातल्या बायांची अशी नावानिशी नोंद करावी हे सुचलं ते त्याच घरात दळण-कांडण करणाऱ्या बाईला. झाडलोट, पाणी, शेण्या, धुणं, दळण ही कामं मराठी कवितेत इतक्या आधी आणि इतक्या मानानं आली ती तिच्यामुळं. पंढरपूरजवळ गोपाळपूरला जनाबाईचं म्हणून एक जातं दाखवतात. वारीला आलेल्या कितीतरी बाया त्याच्या खुंट्याला हात लावूनच पुढं जातात.

परभणीकडच्या जुन्या घरांत मायची आठवण निघाली की जात्यावाचून ती पुढं सरकत नाही. पहाटेचा अंधार, कोनाड्यात चिमणी, एक पाय लांब केलेली माय आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून अर्धवट झोपलेलं लेकरू. साठी-सत्तरीतल्या माणसांना हे अजून लख्ख आठवतं. जात्याची घरघर त्यांच्या डोक्याखालच्या मांडीतून अंगात उतरलेली असे. दळण रोजचंच. ज्वारीचं पीठ शिळं झालं की त्याची विरी जाते, भाकरी थापताना कडा फाटतात. म्हणून आठवड्याचं पीठ एकदम करून ठेवायची सोय नव्हती. खाणारी तोंडं आठ-दहा असली की दोघी जावा किंवा मायलेकी समोरासमोर बसायच्या. एकाच खुंट्यावर दोघींचे हात, आणि मोकळ्या हातानं जात्याच्या तोंडात वैरण घालायची, म्हणजे मूठ-मूठ धान्य सोडायचं. दगड गुळगुळीत झाला की पीठ भरड पडे. मग टाकी लावणारा गावात यायची वाट बघायची. तो छिन्नीनं दगडाला पुन्हा खरखरीत करायचा आणि बदल्यात पसाभर दाणे घेऊन जायचा.

या कष्टातून ओवी आली. ओवीला श्रोता लागत नव्हता. सासू झोपलेली, पुरुष झोपलेले, जागी फक्त दळणारी आणि समोरची. त्यामुळं दिवसा तोंडातून निघालं नसतं ते पहाटे निघायचं: माहेरची वाट, न आलेला भाऊ, सासरचा जाच, सीतेचा वनवास. आणि सगळ्यांत जास्त माय. मायच्या हातची भाकरी, तिचं बोलणं, ती गेल्यावर परकं झालेलं माहेर. लेकीनं मायची आठवण ठेवायची ती ओवीत, आणि तिच्या लेकीनं ती ऐकत-ऐकतच उचलायची. घराण्याचा इतिहास वहीत बापाकडून मुलाकडं गेला असेल, पण दळणाच्या वेळी तो मायकडून लेकीकडं जात होता.

सुदैवानं हे सगळंच हवेत विरलं नाही. साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन'मध्ये ओव्या गोळा केल्या. पुढं पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे पण इथलेच झालेले गी पॉइटव्हँ यांनी सहकाऱ्यांना घेऊन गावोगाव जाऊन बायकांना बोलतं आणि गातं केलं. महाराष्ट्रातल्या हजारावर गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या उतरवल्या गेल्या. बर्नार्ड बेल या संगीत-अभ्यासकानं त्यांतल्या अनेक गाणारणींचे आवाज ध्वनिमुद्रित केले. २०१७ पासून 'पारी' हे ग्रामीण भारताचं संग्रहालय या ओव्या क्रमानं लोकांसमोर आणतं आहे. परभणीतल्या ताडकळसचा आवाजही त्यात आहे. या कामाची एक गोष्ट मला सगळ्यांत मोलाची वाटते: प्रत्येक ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गाव लिहिलेलं आहे. लोकगीत म्हटलं की गाणारी निनावी राहणार, हे आपण इतकं गृहीत धरलेलं असतं की त्या नोंदी वाचताना दचकायला होतं.

घरही मायच्याच हाताखालचं. या भागातली जुनी घरं माळवदाची: दगड-मातीच्या जाड भिंती, वर लाकडी तुळया आणि त्यांच्यावर पांढऱ्या मातीचा थर. पावसाळ्याआधी माती नव्यानं अंथरली नाही तर घर गळणार हे ठरलेलं. भिंत बांधली गवंड्यानं, पण ती उभी ठेवली सारवणानं आणि पोताऱ्यानं, आणि ते काम वर्षानुवर्षं एकाच बाईच्या हातचं. भिंतीत बळद, बळदात ज्वारी; कोपऱ्यात मडक्यांची उतरंड, आणि त्यातल्या कुठल्या मडक्याच्या तळाशी तिनं चार पैसे बांधून ठेवलेत ते तिलाच माहीत. तिची जुनी लुगडी फाटली की त्यांची वाकळ व्हायची. पुढची दहा-पंधरा वर्षं लेकरं त्या वाकळेत झोपायची. कितीतरी घरांत माय गेल्यावर तिची म्हणून उरलेली वस्तू ही एवढीच.

रानातली तिची कहाणी कापसाशी बांधलेली आहे. निजामाच्या काळात १९००च्या सुमारास मनमाड-सिकंदराबाद रेल्वे झाली आणि परभणी, सेलूचा कापूस मुंबईच्या बाजाराला जोडला गेला. सेलूत जिनिंग-प्रेसिंग उभी राहिली, पेठ वाढली. पेरणी, औत, बैल ही पुरुषाची कामं, वेचणी बाईची. दिवाळीच्या आसपास बोंडं फुटली की सकाळी दव वाळायच्या आत बायका रानात. कमरेला ओटी बांधलेली, वाळलेल्या बोंडाच्या टोकानं बोटं सोललेली. वेचणी किलोवर, म्हणून हात थांबवायची सोय नाही. १९७२ नंतर राज्य सरकारची कापूस एकाधिकार खरेदी योजना आली, खरेदी केंद्रांवर बैलगाड्यांच्या रांगा लागल्या. वेचून ढीग लावला मायनं, पण चुकारा निघायचा सातबाऱ्यावर ज्याचं नाव त्याच्या नावानं, आणि सातबाऱ्यावर बाप किंवा आजा. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं १९८४ मध्ये परभणीला अधिवेशन घेतलं, १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी बायकांचा प्रचंड मेळावा भरवला, आणि पुढं 'लक्ष्मीमुक्ती'ची मोहीम काढली. जमिनीचा एक तुकडा घरच्या बाईच्या नावे करून द्या, एवढंच मागणं. मागणं लहान वाटतं. पण ज्या घरात ते मानलं गेलं तिथं सातबाऱ्यावर मायचं नाव पहिल्यांदा लागलं.

त्याआधी एका वेगळ्या कागदावर तिचं नाव आलं होतं. १९७२चा दुष्काळ. सलग तीन वर्षं पाऊस दगा देत आला होता, विहिरींचे तळ दिसले, दावणी मोकळ्या झाल्या. ज्या बाया कधी दुसऱ्याच्या बांधावर गेल्या नव्हत्या त्याही डोक्याला पदर गुंडाळून दुष्काळी कामावर उतरल्या. खडी फोडायची, पाझर तलावाची माती वाहायची, रस्त्याचा भराव टाकायचा. राज्यात ऐन दुष्काळात जवळपास ५० लाख माणसं अशा कामांवर होती. खायला अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी आणि कामावर मिळणारी सुकडी. मिलोची भाकरी लालसर, कडक. मुलं ती खायची नाहीत आणि माय त्यांना समजावत बसायची, असं त्या पिढीची माणसं आजही सांगतात. पण त्याच कामांवर हजेरीपट होता, आणि त्यावर तिचं नाव होतं. मजुरी मोजलेल्या कामावर. बाईचा दर वेगळा नाही. याच अनुभवातून रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. पुढं साऱ्या देशासाठी तसा कायदा करताना हेच काम डोळ्यांसमोर होतं. त्याचा पाया ज्यांनी खडी फोडून घातला त्यांत परभणीच्या मायाही होत्या, हे इथल्या शाळांतल्या मुलांना सांगितलं पाहिजे.

उसाच्या फडात मात्र गणित उलट फिरलं. गंगाखेड, सोनपेठकडच्या डोंगराळ भागातून दसरा-दिवाळीनंतर जोडपी कारखान्यांकडं जातात. तिथं नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. उचल घेणारा तो, मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत चढवणारी ती, हिशेबात मात्र दोघांचा मिळून आकडा एक. लेकरं पाचटाच्या कोपीत किंवा गावाकडं आजीजवळ. गावाकडं राहिलेल्या मुलांची मायची आठवण वर्षातले सहा महिने कोरी असते.

मराठीतलं सगळ्यांत गाजलेलं आईचं पुस्तक 'श्यामची आई', आणि ती कोकणातली. मराठवाड्यातली माय छापील पानांवर उशिरा आली, पण आली ती जोरात. 'आई' या कवितेनं घराघरांत पोचलेले फ. मुं. शिंदे हे कळमनुरी तालुक्यातल्या रूपूरचे. १९९९ मध्ये हिंगोली वेगळा जिल्हा झाला, तोवर तो परभणीचाच मुलूख होता. १९९५चं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन परभणीत भरलं तेव्हा अध्यक्षपदी नारायण सुर्वे होते. मुंबईच्या रस्त्यावर सापडलेलं ते पोर गिरणीत राबणाऱ्या गंगाराम आणि काशीबाई सुर्वे यांनी वाढवलं. ज्या गावाच्या रानांतून बायकांनी वेचलेला कापूस मुंबईकडं गेला, त्या गावानं गिरणीतल्या एका माउलीच्या लेकाला मराठीचा सर्वोच्च मान दिला. मला ते संमेलन त्यासाठी आठवतं.

नावाची गोष्ट अजून संपलेली नाही. १९५१-५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत देशभरातल्या सुमारे २८ लाख बायांची नावं मतदारयादीतून वगळावी लागली, कारण स्वतःचं नाव सांगण्याऐवजी त्यांनी अमक्याची आई, तमक्याची बायको असं सांगितलं होतं. आपल्याकडं काही घरांत लग्नात नवरीचं पाळण्यातलं नावही बदललं जाई. तांदळाच्या ताटात नवं नाव लिहिलं की माहेरचं नाव फक्त तिच्या मायच्या तोंडी उरे, आणि माय गेली की तेही जाई. महाराष्ट्र सरकारनं १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांसाठी सरकारी कागदपत्रांवर स्वतःच्या नावानंतर आईचं, मग वडिलांचं नाव आणि आडनाव असा क्रम बंधनकारक केला. नव्या लेकरांची सोय झाली. मागच्या पिढ्यांची नोंद कुठलं कार्यालय करणार नाही. ती घरालाच करावी लागेल.

गावात पिठाची गिरणी आली तेव्हा बायकांच्या डोळ्यांतून पाणी आलं असेल तर ते सुखाचं, यात मला शंका नाही. जात्याचे दिवस परत यावेत असं कुणीही म्हणू नये. पण जातं थांबलं तसं गाणंही थांबलं, आणि गाणाऱ्या बाया आता सत्तरी-ऐंशीच्या पलीकडं आहेत. तुमच्या घरी अशी आजी असेल तर या आठवड्यातच तिच्यापाशी बसा. तिचं माहेरचं नाव विचारा, तिच्या मायचं नाव, मायच्या मायचं नाव विचारा. दुष्काळात ती कुठल्या रस्त्यावर कामाला होती, कुणाच्या रानात वेचणीला जायची, जात्यावर काय म्हणायची ते मोबाइलवर तिच्याच आवाजात घ्या, आणि खाली तिचं पूर्ण नाव, गावाचं नाव आणि तारीख लिहून ठेवा.