जवळ नसलेला माल

1609 साली ॲमस्टरडॅममध्ये इझाक ल मेअर आणि त्याच्या साथीदारांनी डच ईस्ट इंडिया कंपनीचे शेअर जवळ नसतानाच पुढच्या तारखेच्या वायद्याने विकले. भाव पडला की स्वस्तात घेऊन द्यायचे, हा बेत. 1610 मध्ये सरकारने अशा विक्रीवर बंदी घातली. भाव चढला आणि साथीदारांपैकी काहींचे दिवाळे निघाले.

हिशेब सोपा आहे. 100 रुपयांना विकलेला शेअर शून्यावर आला तरी नफा 100च. तो 500 वर गेला तर तोटा 400, आणि चढत्या भावाला छप्पर नसते.

याच्या जवळपास हजार वर्षे आधी प्रेषित मुहंमद (स.) यांनी हजरत हकीम बिन हिजाम यांना, जवळ नाही ते विकू नये, असे बजावले होते. आपण त्यात फक्त गिऱ्हाइकाची फसवणूक टळलेली पाहतो. ती मनाई विकणाऱ्यालाही वाचवते.