‘अर’ची भटकंती

इंग्रजीत चूक करण्यासाठी ‘अर’ असे एक छोटेसे क्रियापद आहे. मूळ लॅटिन ‘एरारे’, फ्रेंचमार्गे मध्ययुगात इंग्लंडात पोचलेले. ‘एरारे’चा मूळ अर्थ भटकणे, चुकणे नंतर आले. रोमन लोक ग्रहांना भटके तारेच म्हणत. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये हिमनद्यांनी दुरून वाहून आणलेले मोठमोठे धोंडे आहेत. त्यांना भूगर्भशास्त्रात ‘इरॅटिक’ म्हणतात. बिचाऱ्यांची चूक काही नाही, फक्त घरापासून लांब येऊन पडलेत. (आपल्यासारखेच म्हणा ना!)

आपल्याकडेही ‘भ्रमण’ आणि ‘भ्रम’ एकाच धातूतले. मराठीत तर वाटही चुकते आणि गणितही.

अलेक्झांडर पोपच्या १७११ सालच्या ‘अ‍ॅन एसे ऑन क्रिटिसिझम’मधल्या एका ओळीमुळे हे क्रियापद लोकांच्या तोंडी राहिले. त्याचा जुना उच्चार ‘हर’शी यमक जुळणारा. पुढे विसाव्या शतकात अमेरिकेत ‘एरर’च्या ओढीने ‘एर’ रुळला आणि शब्दकोशांनीही तो मान्य केला. चुकण्याच्या क्रियापदाचा उच्चारच ‘चुकून’ बदलावा, ही गंमतच.

ऑफिसात मात्र ‘आय अर्ड’ म्हणणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. हा शब्द जास्त करून दुसऱ्याविषयी वापरतात. अपील कोर्टाच्या निकालपत्रात खालचे कोर्ट ‘अर्ड’ असते! ‘अर ऑन द साइड ऑफ कॉशन’मध्ये तर चुकलेच तर कोणत्या बाजूला चुकायचे, हे आधीच ठरवलेले असते.

स्वतःवर वेळ आली की कर्ता गायब होतो. इराणला शस्त्रे विकल्याचे प्रकरण गाजत असताना, जानेवारी १९८७ मध्ये, अध्यक्ष रेगन यांनी काँग्रेसपुढच्या वार्षिक भाषणात गंभीर चुका झाल्याचे सांगितले. कोणी केल्या, ते त्या वाक्यात नव्हते. अध्यक्ष ग्रँट यांनीही १८७६ मध्ये अशीच रचना वापरली होती.

आपण तरी कुठे मागे आहोत? ‘मी चुकलो’ म्हणायला जीभ अडखळते. ‘माझ्याकडून चूक झाली’ त्यामानाने सोपे जाते, आणि नुसते ‘चूक झाली’ सर्वांत सोपे. आमच्या मराठी शाळेतल्या मुलांना मी ही तिन्ही वाक्ये एकाखाली एक लिहून देतो. चौथे त्यांनीच जोडले: ‘पेला फुटला.’