भिंत खरवडण्याआधी: चुना, सिमेंट आणि शिशाची गोष्ट

विषय ऐकून काहीजण म्हणतील, "अरे, हा इतिहासाचा पॉडकास्ट आहे की रंगाऱ्याचा?" आज दोन्हीचा आहे.

सातारा जिल्ह्यात आमच्या आजोबांचं जुनं घर आहे. दगड-विटांचं, चुन्याच्या गिलाव्याचं. दोन वर्षांपूर्वी दिवाळीआधी रंग द्यायचं ठरलं. माजघराच्या भिंतीला लोणा लागला होता. लोणा म्हणजे ती पांढरी, खारट भुकटी, जी हात लावला की झडते. आम्ही काय केलं? जुना गिलावा फोडला, सिमेंटचं प्लास्टर केलं, वर पुट्टीचे दोन हात आणि प्लास्टिक पेंट. भिंत मोबाइलच्या स्क्रीनसारखी गुळगुळीत! पुढच्या पावसाळ्यात तीच भिंत पुन्हा फुगली, आणि तीसुद्धा आधीपेक्षा फूटभर वर. आजी एवढंच म्हणाली, "आम्ही दरवर्षी चुना मारायचो. असं फुगायचं नाही."

मी सॉफ्टवेअरवाला. बग फिक्स केल्यावर तो दुसरीकडे निघाला, तर आपण काय करतो? जुना कोड वाचतो. म्हणून मी भिंतीचा इतिहास वाचायला घेतला.

तिकोना किंवा लोहगडावर गेला असाल तर चुन्याची घाणी पाहिली असेल. दगडात कोरलेली गोल खोबणी आणि त्यात फिरणारं जड दगडी चाक. बैल जुंपून त्यात चुना आणि वाळू मळत. चुनखडी भट्टीत साधारण 900 अंशांवर भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि उरतो कळीचा चुना. त्यावर पाणी टाकलं की तो उकळतो आणि विरतो. असा विरवलेला चुना भिंतीवर लावला की तो हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू परत घेतो आणि पुन्हा दगड होतो. गूळ, हिरडा, बेलफळ असं काय काय त्यात मिसळायचे, ते घट्टपणा आणि टिकाऊपणासाठी.

पण आपल्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. चुन्याच्या गिलाव्यात बारीक छिद्रं असतात. जुन्या घरांच्या पायाला ओल अडवणारा थर नसतो, त्यामुळे जमिनीतलं पाणी भिंतीत चढतं. वातीत तेल चढतं ना, तसंच. चुन्यातून हे पाणी वाफ होऊन निघून जातं, आणि सोबत आलेले क्षार पृष्ठभागावर राहतात. ते झाडायचे आणि वर चुन्याचा नवा हात मारायचा. म्हणजे दिवाळीचा चुना हा नुसता सण नव्हता, ते भिंतीचं वार्षिक मेंटेनन्स होतं.

मग सिमेंट आलं. 1824 मध्ये इंग्लंडमधल्या लीड्सच्या जोसेफ ॲस्पडिनने पोर्टलँड सिमेंटचं पेटंट घेतलं. आपल्याकडे 1914 च्या सुमारास पोरबंदरला सिमेंटचं उत्पादन सुरू झालं. तरी गावोगावच्या घरांत ते लगेच पोचलं नाही, कारण पुढे अनेक वर्षं सिमेंटवर सरकारी नियंत्रण होतं आणि त्यासाठी परमिट लागायचं. 1982 मध्ये सिमेंट वाटपाच्या प्रकरणावरून महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला, यावरून त्याची टंचाई कळेल! त्याच वर्षी नियंत्रण थोडं सैल झालं आणि 1989 मध्ये पूर्ण उठलं. सिमेंटची गोणी सहज मिळू लागली आणि चुन्याची भट्टी मागे पडली.

सिमेंट वाईट नाही. आरसीसी इमारत त्याच्याशिवाय उभी राहत नाही. पण जुन्या चुन्याच्या भिंतीवर ते लावलं की ओल बाहेर पडायची वाट जवळपास बंद होते. वरून पुट्टी आणि प्लास्टिक पेंट म्हणजे रेनकोटवर रेनकोट. पाणी आतच अडकतं, वर सरकतं, आणि जिथे प्लास्टर संपतं तिथे फुटतं. आमची भिंत फूटभर वर का फुगली, ते तेव्हा कळलं.

हे झालं भिंतीचं. खरी भीतीची गोष्ट दार-खिडक्यांची आहे.

माजघराच्या दाराला निळा ऑइल पेंट होता, थरावर थर चढलेला. रंगारी काका पॉलिश पेपर घेऊन तो कोरडाच घासत होते. निळसर धूळ खाली पडत होती आणि माझी तीन वर्षांची भाची त्यात बोटं फिरवत बसली होती. तेव्हा मला यात काहीच वावगं वाटलं नाही. नंतर वाचलं आणि पोटात गोळा आला.

जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं. पांढऱ्या रंगासाठी व्हाइट लेड, झगझगीत पिवळ्यासाठी लेड क्रोमेट, लोखंडी ग्रिलला गंज लागू नये म्हणून रेड लेड, म्हणजे आपला पारंपरिक शेंदूर. शिशामुळे रंग लवकर वाळतो आणि ऊन-पावसात टिकतो. पण ते लहान मुलांच्या मेंदूवर कायमचा परिणाम करतं. जागतिक आरोग्य संघटना सांगते, शिशाची सुरक्षित अशी कुठलीच पातळी माहीत नाही.

हे जगाला कळलं कधी? 1904 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनच्या जे. लॉकहार्ट गिब्सन या डॉक्टरांनी मुलांच्या शिशाच्या विषबाधेचं मूळ दाखवलं: घराच्या व्हरांड्याचे रंगवलेले कठडे. उन्हाने रंगाची भुकटी व्हायची, ती मुलांच्या हाताला लागायची आणि तीच बोटं तोंडात जायची. 1921 मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने इमारतींच्या आतल्या रंगकामात व्हाइट लेडवर बंदी घालणारा करार केला. अमेरिकेने घरगुती रंगातल्या शिशावर बंदी घातली ती 1978 मध्ये. आणि भारताने? 2016 मध्ये नियम केला की घरगुती आणि सजावटीच्या रंगात शिसं 90 पीपीएमपेक्षा जास्त नको. तो लागू झाला 1 नोव्हेंबर 2017 पासून.

ब्रिस्बेनपासून मोजलं तर 113 वर्षं! म्हणजे तुमच्या घराचं दार त्याआधी रंगवलेलं असेल, तर आतल्या थरात शिसं असण्याची शक्यता धरूनच चालायचं.

आता यंदाच्या दिवाळीआधी आम्ही काय केलं, ते सांगतो.

भिंतीसाठी आधी पाण्याचा उगम शोधला. पन्हळ फुटली होती आणि बाहेर अंगणातली मातीही भिंतीला टेकून चढली होती. दोन्ही दुरुस्त केलं. सिमेंटचं प्लास्टर काढून भिंत उन्हाळाभर उघडी ठेवली, आणि क्षार कोरड्या ब्रशने झाडत राहिलो. बोटाने ठोकून जिथे पोकळ आवाज आला, तिथला जुना गिलावाही काढला. मग विरवलेला चुना एक भाग, वाळू तीन भाग. भिंत आधी ओली करून पातळ थर दिले आणि दोन थरांमध्ये चांगली उसंत ठेवली. शेवटी पातळ चुन्याचे चार हात. कळीचा चुना घरी विरवायच्या भानगडीत पडू नका, डोळ्यात उडाला तर डोळा जाऊ शकतो. विरवलेलाच आणा, आणि तरी चष्मा-हातमोजे घाला.

दारासाठी नियम सोपा: रंग घट्ट बसलेला असेल तर खरवडू नका, पुसून त्यावरच नवा हात द्या. पोपडे निघत असतील तर पाणी मारून, ओलं ठेवूनच घासा. कोरडं घासायचं नाही, आच देऊन जाळायचं तर मुळीच नाही. खाली प्लास्टिक पसरा, एन-95 मास्क लावा, मुलं आणि गरोदर बायका यांना त्या दिवसांत घराबाहेर ठेवा. शेवटी झाडू नाही, ओलं फडकं. भेगांत लांबी भरायची ती हे सगळं झाल्यावर.

रंगारी काकांना मी हे सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "साहेब, मी तीस वर्षं कोरडंच घासतोय. आम्हाला कुणी सांगितलंच नाही." आता मास्कचं पाकीट त्यांच्या पिशवीत असतं. भाचीची रक्त तपासणी आम्ही करून घेतली. रिपोर्ट ठीक आला, पण तो येईपर्यंतचे दोन दिवस मी विसरणार नाही.

तर मंडळी, या दिवाळीत रंगाची शेड निवडायच्या आधी घर कधी बांधलं आणि दार कधी रंगवलं, एवढं घरातल्या मोठ्यांना विचारा. आणि तुमच्या रंगाऱ्यालाही हा भाग ऐकवा. त्या धुळीत सगळ्यात जास्त वेळ तोच असतो.

भेटू पुढच्या भागात!