कवडीमोल म्हणजे नेमके किती?

मागच्या शनिवारी आम्ही ऑफिसातले चौघं राळेगणसिद्धीला गेलो होतो. बंधारे वगैरे बघून झालं आणि चहाच्या टपरीवर शेजारी बसलेल्या एका आजोबांना सहज विचारलं, "बाबा, यंदा कांदा काय भावानं गेला?"

"कवडीमोल गेला बघा," म्हणाले आणि खिशातून आडत्याची पट्टी काढून दाखवली. हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा जाता राहिलेला आकडा बघून आम्ही गप्पच बसलो.

घरी आलो तरी तो शब्द डोक्यातून जाईना. सह्याद्रीच्या अलीकडे, पर्जन्यछायेतल्या गावात, माणूस भाव सांगताना समुद्रातल्या गोगलगायीचं नाव घेतो! कारण कवडी म्हणजे तिचं कवच. पैसा म्हणून चालायची ती जात जेमतेम इंचभर, उथळ समुद्रात प्रवाळांवर राहणारी. तिचं मोठं आगर म्हणजे मालदीव. 1343-44 मध्ये इब्न बतूता तिथे होता. लोक ही गोगलगाय खड्ड्यात टाकतात, मांस गेलं की पांढरं कवच उरतं, ते बंगालला देऊन तांदूळ घेतात, असं त्यानं लिहून ठेवलंय.

बरं, किंमत किती? भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (सुमारे 1150) सुरुवातीलाच कोष्टक आहे. 20 कवड्यांची काकिणी, 4 काकिणींचा पण, 16 पणांचा द्रम्म. म्हणजे द्रम्माला 1280 कवड्या. आणि 18व्या शतकाच्या अखेरीस सिल्हेटचा कलेक्टर रॉबर्ट लिंडसे कंपनीचा महसूल कवड्यांत घेत होता, दर रुपयाला 5120. बरोबर 1280 च्या चौपट! सहाशे वर्षं जुना कोड प्रॉडक्शनमध्ये चालू असलेला बघून व्हावा तसा आनंद मला झाला. असो.

5120 ला एक म्हणजे कवडी फालतू, असं वाटेल. पण मूठभर भाजी घेणाऱ्याला चांदीचा अख्खा रुपया काय कामाचा? गरिबाचा बाजार कवडीवरच चालायचा. झिजत नाही, नकली बनवता येत नाही.

1803 मध्ये कंपनीनं ओडिशा घेतलं आणि सारा चांदीत मागायला सुरुवात केली. शेतकऱ्याच्या हातात कवड्या, सरकारला हवे रुपये. रुपया कवड्यांत महागत गेला, साऱ्यापायी लोकांच्या जमिनी गेल्या. 1817 च्या पाईक उठावामागच्या कारणांत हेही एक होतं.

कवडी तेव्हाही तेवढीच होती, इंचभर. आजोबांनी पट्टी घडी घालून पुन्हा खिशात ठेवली होती, आणि चहाचे पैसे आम्हाला देऊ दिले नव्हते.