आवाजातली टक् : घरगुती संगणकाच्या इतिहासातला एक धागा

१९८४ साली वडिलांनी वाई तालुक्यातल्या आमच्या गावी, टू-इन-वनवर, आजीच्या जात्यावरच्या ओव्या कॅसेटवर घेतल्या. दोन वर्षांनी आजी गेली. २००२ मध्ये मी ती कॅसेट घरच्या संगणकावर उतरवली, सीडी करून नातेवाइकांत वाटल्या आणि मूळ कॅसेट आत्याकडे देऊन टाकली. काम झालं, असं धरून चाललो. २०२० च्या टाळेबंदीत पहिल्यांदाच चांगले हेडफोन लावून ते ऐकलं आणि मध्येच ‘टक्’ असं काहीतरी वाजलं. थोड्या वेळाने पुन्हा. आधी वाटलं, आजीच्या बांगड्या. दळताना त्या खुंट्यावर आपटणारच. पण एका ठिकाणी ओवीतला शब्दच अर्धा झाला होता. बांगडी शब्द खात नाही.

मग हा शब्द खाल्ला कोणी, हे शोधताना मला संगणकातल्या आवाजाचा इतिहास धुंडाळावा लागला. तो यंत्रांच्या प्रगतीचा म्हणून सांगितला जातो. मला तो एका आश्रिताचा इतिहास वाटतो. संगणकाच्या घरात आवाज उशिरा आला, आणि फार काळ त्याला ओसरीवरच झोपावं लागलं.

टेपरेकॉर्डरमध्ये वेळ सांभाळायचं काम मोटर करते. कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या वेगाने सरकते. मोटर दमली की आवाज ओढल्यासारखा होतो, पण फीत आपल्या मनाने तुकडा गाळून पुढे जात नाही. संगणकात असं सतत सरकणारं काहीच नसतं. तिथे कामं तुकड्यातुकड्यांनी, पाळीपाळीने होतात. आयबीएमचा पीसी १२ ऑगस्ट १९८१ रोजी जाहीर झाला तो कचेरीतल्या टेबलासाठी. पत्र, हिशेब, तक्ते हे त्याचं काम, आणि बेरीज पाव सेकंद उशिरा आली तरी कोणाचं काही बिघडत नव्हतं. त्यात छोटा स्पीकर होता, पण तो सूचना देण्यापुरता. त्याला चालू आणि बंद एवढ्या दोनच अवस्था माहीत. त्यातूनही खेळ लिहिणाऱ्यांनी सूर काढले, ही त्यांची चिकाटी.

१९८७ मध्ये कॅनडातल्या क्वेबेकहून ॲडलिब नावाचं कार्ड आलं. ते काढणारे मार्टिन प्रेव्हेल हे संगीताचे प्राध्यापक. यामाहाच्या चिपवर बसवलेलं ते कार्ड वाद्यांसारखे आवाज स्वतः तयार करी. माणसाचा मुद्रित आवाज वाजवणं हे त्याचं काम नव्हतं. ते आलं १९८९ मध्ये, सिंगापूरच्या सिम वाँग हू यांच्या क्रिएटिव्ह कंपनीच्या साउंड ब्लास्टरबरोबर. आणि खरी अडचण तिथूनच सुरू झाली.

ती समजण्यासाठी मला जात्याइतकी सोयीची दुसरी वस्तू सापडली नाही. दळणारी बाई एका हाताने जातं फिरवते आणि दुसऱ्या हाताने तोंडात मूठमूठ वैरण घालते. मूठ वेळेवर पडली तर पीठ अखंड पडतं. हात कुठे गुंतला तर जातं थांबत नाही. रिकामं फिरतं, दगडावर दगड घासतो आणि आवाज बदलतो. साउंड कार्ड असंच रिकामं व्हायची वाट न पाहता फिरत असतं. सीडीच्या दर्जाचा आवाज म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने. (हा विचित्र आकडा व्हिडिओ टेपवरून आला. सुरुवातीला डिजिटल आवाज व्हिडिओच्या फितीवर साठवत. एका रेषेत ३ नमुने, वापरातल्या २४५ रेषा, सेकंदाला ६० फेऱ्या. गुणाकार करून पाहावा.) प्रोसेसर हे नमुने एकेक करून देत नाही, मुठीने देतो. त्या मुठीला बफर म्हणतात. ५१२ नमुन्यांची मूठ साडेअकरा मिलिसेकंदांत संपते. तेवढ्यात दुसरी आली नाही, की टक्. मुद्रण करताना उलटं होतं : पीठ साचत जातं आणि भरायला कोणी आलं नाही, तर सांडतं. सांडलेलं परत मिळत नाही.

मूठ संपत आली की कार्ड प्रोसेसरला हाक मारतं. या हाकेच्या वाटा, म्हणजे इंटरप्ट, पहिल्या पीसीत ८ होत्या. १९८४ च्या एटी यंत्रात वापरण्याजोग्या १५ झाल्या. घड्याळ, कीबोर्ड, फ्लॉपी यांनी आपापल्या वाटा आधीच धरलेल्या. पहिलं साउंड ब्लास्टर कारखान्यातून निघे ते सातव्या वाटेवर, आणि ती होती प्रिंटरची! नंतरच्या कार्डांनी पाचवी धरली. नव्वदच्या दशकात ज्यांनी डॉसमध्ये खेळ चालवले, त्यांना कार्डावरचे जंपर बदलणं आणि ‘ए२२० आय५ डी१’ हा मंत्र आठवत असेल. वाट चुकली की हाक पोहोचत नसे आणि कार्ड तीच मूठ पुन्हा पुन्हा दळत बसे. खेळातला माणूस एकच अक्षर अखंड बरळत राही. विंडोज ९५ ने या वाटा आपोआप वाटायला घेतल्या, तेव्हा निदान हा त्रास कमी होऊ लागला.

पण उपेक्षा संपली नाही. नव्वदच्या दशकाच्या अखेरीची गोष्ट मला यातली सर्वांत बोलकी वाटते. ग्राफिक्स कार्डांच्या वेगाच्या चाचण्या तेव्हा मासिकांत छापून येत आणि त्या आकड्यांवर कार्डं खपत. आज्ञा पाठवण्यापूर्वी कार्डाच्या रांगेत जागा आहे का, हे विचारायला ड्रायव्हरला किंचित वेळ लागे. काही ड्रायव्हरांनी विचारणंच सोडून दिलं. चाचणीतला आकडा वाढला. मात्र रांग भरलेली असली की सगळ्यांची सामाईक वाट, पीसीआय बस, अडून राही आणि मागे साउंड कार्ड उपाशी. खिडकी सरकवली की गाणं तडतडायचं. लोक साउंड कार्ड बदलून आणत. दोष असे चित्राच्या कार्डाचा. विंडोज एक्सपीत वेगळाच प्रकार. हार्ड डिस्कशी व्यवहारात सहा चुका साचल्या की प्रणाली डिस्कचा वेग मुकाट्याने एकेक पायरी उतरवत नेई. तळाच्या पायरीवर प्रत्येक बाइट प्रोसेसरला स्वतः उचलावा लागे, आणि फाइल उघडली की आवाज अडखळे. डिस्ककडे संशय जायला महिने लागत.

२००७ मध्ये सर्वांच्या हाती आलेल्या विंडोज व्हिस्टाने एकदम दुसरं टोक गाठलं. आवाज तुटू नये म्हणून गाणं चालू असताना नेटवर्कवरून येणाऱ्या पाकिटांवर मर्यादा घातली : मिलिसेकंदाला दहा. गाणं लावलं की जलद नेटवर्कवर फाइल उतरवणं मंदावतं, हे लोकांच्या लक्षात आलं आणि बोंबाबोंब झाली. त्या वर्षी ऑगस्टमध्ये मायक्रोसॉफ्टच्या मार्क रसिनोव्हिच यांनी कारण उघड लिहिलं. आश्रिताला पहिल्यांदाच पंगतीत पाट मिळाला, तर बाकीचे रुसले! आजही लॅपटॉपवर मधूनच टक् आली, तर वायफायचा किंवा ग्राफिक्सचा ड्रायव्हर प्रोसेसर अडवून बसला आहे का, हे आधी पाहावं. एकसारखी घूं मात्र बहुधा विजेच्या अर्थिंगची. तो धागा वेगळा.

या सगळ्यातून माझ्या कामाची खूण मिळाली. वाजवताना होणारी टक् प्रत्येक वेळी नव्या जागी येते. माझी मात्र दर वेळी त्याच जागी येत होती. म्हणजे ती फाइलमध्येच होती, मुद्रणाच्या वेळी सांडलेली. लहर मोठी करून पाहिली. बांगडीचा नाद उमटतो आणि विरत जातो. सांडलेल्या जागी लहर चाकूने कापल्यासारखी सरळ तुटते आणि जात्याची घरघर फेरा पुरा न करताच पुढच्या फेऱ्यात जाते. अशा ३७ टकांपैकी २२ बांगड्या निघाल्या. १५ ठिकाणी मी आजीचा आवाज सांडला होता. ‘मी’ म्हणतो, कारण फाइलवरची तारीख आणि वेळ पाहिली, तर त्याच दुपारी, त्याच तासात मी बारशाच्या फोटोंची सीडीही लिहीत होतो. एका यंत्राला दोन वाढपं. तो संगणक कधीच भंगारात गेला. आणखी पुरावा मिळणार नाही, आणि मला तो नकोही.

आत्याला फोन केला. कॅसेट होती, पत्र्याच्या डब्यात. पण पावसाळ्यांनी फितीवर बुरशी धरली होती. टाळेबंदी उठल्यावर जाऊन आणली, फीत हलक्या हाताने पुसली, नव्या कवचात घातली आणि चालवली. या वेळी संगणकावर दुसरं काही उघडलं नाही. १५ पैकी १३ जागा पूर्ण मिळाल्या. अर्धा राहिलेला शब्द ‘माहेर’ होता.

दुसऱ्या बाजूला मात्र सुमारे चार मिनिटं फीत बुरशीने खाल्ली आहे. तिथे २००२ ची प्रतच उरली, आणि उरलेल्या दोन टका नेमक्या तिच्यात आहेत. दोन यंत्रांच्या मोटरींचा वेग किंचित वेगळा असल्याने सांधा जुळवायला एक आठवडा गेला. टक् पुसून टाकणारं सॉफ्टवेअर माझ्याकडे होतं. एकदा चालवून पाहिलं. त्याने बांगड्याही पुसल्या. ती प्रत मी ठेवली नाही.